घरगाडीच्या हातब्रेकची बाजू

मित्रांनो, ड्रायव्हरच्या सीटला लागून, मुठीवरचे काळे रबर झिजून गुळगुळीत झालेला जो तेवीस वर्षांचा जुना हातब्रेक दिसतो ना, तो मीच. मी देखणा नाही, हे मला ठाऊक आहे. पण साडेतीन टनांची गाडी उतारावर एकट्याने धरून ठेवणारा या गाडीत दुसरा कोण आहे, ते दाखवा. इंजिन नुसता आवाज करते. पायाखालचा ब्रेक पाय आहे तोवरच कामाचा. सगळे उतरून चहा प्यायला गेले, की मागे उरतो मी.

माझा जन्म कारखान्यात झाला. लोखंडी पट्टीला दाते पाडले, दात्यांत अडकणारा खटका बसवला आणि माझ्या टोकाला पोलादी केबल जोडली. ती गाडीच्या पोटाखालून मागच्या दोन्ही चाकांपर्यंत जाते. मला वर ओढले, की चाकाच्या ड्रममधले, म्हणजे आतल्या गोल लोखंडी डब्यातले, कमानीसारखे ब्रेकशू पसरून ड्रमला आतून घट्ट दाबतात आणि चाक थांबते. मला खाली सोडले, की ते मागे सरतात. एवढेच माझे काम, पण ते मी एकदाही चुकवले नाही.

आमची गाडी म्हणजे चाकांवरचे घरच. त्यात बिछाना आहे, शेगडी आहे, कपबशांचे कपाट आहे. मालक लॉकलन मॅकिनन स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचा निवृत्त पोस्टमन. त्याची बायको इशबेल ही ट्रकच्या गॅरेजवाल्याची मुलगी. या दोघांबरोबर मी किती धक्के आणि किती चढ पाहिले, त्याची गणती नाही. एकदा तर असा वारा सुटला होता, की कपाटातल्या चार कपबशा फुटल्या, पण गाडी बोटभरही सरकली नाही. इशबेलने तेव्हा माझ्या मुठीवर थोपटले होते. म्हणूनच गेल्या जूनमध्ये माझ्यावर जो आळ आला, तो मला फार लागला.

त्याचे असे झाले. लॉकलनची थोरली बहीण एफी चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. ती समोरच्या बेटावर जन्मली आणि तिथल्याच लहानशा शाळेत तिने पस्तीस वर्षे शिकवले. त्या शाळेत आता चारच मुले उरली होती आणि शुक्रवारी ती कायमची बंद होणार होती. शेवटची हजेरी एफीने घ्यावी, असा निरोप बेटावरून आला. एफीची पाठ अशी दुखते, की तिला फार वेळ बसवत नाही. प्रवास करायचा तर आडवे पडूनच, म्हणजे आमच्याच बिछान्यावर. गाड्या नेणारी बोट गुरुवारी दुपारी दोनची होती. ती चुकली तर आमच्याएवढ्या लांब गाडीला पुढची जागा तीन आठवड्यांनी मिळणार होती, आणि तोवर शाळेला कुलूप लागलेले असणार.

लॉकलनच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यामुळे गाडी ऑक्टोबरपासून घरामागच्या सपाट जागेत उभीच होती. गुरुवारी सकाळी नऊ वाजता एफीला बिछान्यावर निजवून त्याने इंजिन सुरू केले आणि मला खाली सोडले. गाडी जराशी उचलल्यासारखी झाली आणि जागीच बसली. त्याने आणखी रेस दिली. मग मला चार वेळा वर-खाली केले आणि शेवटी मुठीवर चक्क बुक्की मारली.

"या हातब्रेकचं काम संपलं," तो म्हणाला. "बोटवाल्यांना फोन करतो. ताई, आपलं जाणं काही होत नाही."

बिछान्यावरून एफीचा आवाज आला. "तू तपासलंस, की नुसतं ठरवलंस?"

तोवर इशबेल बाह्या वर सारत खाली उतरली होती. तिने त्याला गाडी अगदी हळू, हातभर पुढे आणि हातभर मागे घ्यायला सांगितली आणि स्वतः मागच्या चाकांकडे पाहत उभी राहिली. उजवे चाक फिरत होते. डावे मात्र न फिरता खडीत चर पाडत घसटत होते. म्हणजे अडले होते ते एकच चाक. मग तिने इंजिन बंद करायला लावले, पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले आणि गाडीखाली सरकून दोन्हीकडची केबल हाताने हलवून पाहिली. मला खाली सोडल्यावर केबल ढिली पडायला हवी, तशी ती दोन्हीकडे पडली होती.

"हातब्रेकनं सोडलंय, केबलनंही सोडलंय," ती खालूनच म्हणाली. "आतला शू ड्रमला गंजून चिकटलाय. आधी त्या बिचाऱ्याची माफी माग."

मित्रांनो, लॉकलनने माफी मागितली नाही. पण त्याचे कान लाल झाले, तेवढे मला पुरले.

जॅक लावायच्या आधी दोघांनी एफीला मागे रेलणाऱ्या चाकांच्या खुर्चीत घालून अंगणात नेले. चाक जमिनीवर असतानाच इशबेलने त्याचे नट ढिले केले, मग गाडी उचलून चाक काढले. ड्रमवर लाकडाचा ठोकळा धरून ती हातोडीने गोल गोल ठोकत गेली. पहिल्या फेरीत काही झाले नाही, दुसऱ्या फेरीतही नाही. साडेदहा वाजून गेले होते आणि बंदर तासाभरावर होते. एफी डोळे मिटून पडली होती, पण तिचे ओठ हलत होते. ती हजेरीची नावे आठवून पाहत होती. तिसऱ्या फेरीत आतून खट्कन आवाज आला आणि ड्रम हाताने फिरला. इतक्या वर्षांत मला कुठल्याच आवाजाने इतका आनंद झाला नव्हता.

ड्रम काढल्यावर आत शूच्या आकाराचा लाल गंज उमटलेला दिसला. इशबेलने तो घासून काढला, धूळ फुंकर न मारता ओल्या फडक्याने टिपली आणि शू शाबूत असल्याची खात्री करून घेतली. मग तिने नवऱ्याला विचारले, की ऑक्टोबरमध्ये गाडी घरामागे लावताना तू नेमके काय केलेस. लॉकलनने जरा तोऱ्यातच सांगितले, की समुद्राचे मीठ राहू नये म्हणून त्याने तीन तास गाडी धुतली, चाकांच्या आतूनसुद्धा पाणी मारले, लगेच मागे आणून उभी केली आणि मला शेवटच्या दात्यापर्यंत ओढले.

"आंघोळ घातलीस आणि अंग पुसलं नाहीस," इशबेल म्हणाली. "वर आठ महिने ओल्यातच आवळून ठेवलंस."

एफी खुर्चीत इतकी हसली, की तिला पाठ धरावी लागली.

चाक परत बसले. मला ओढून पाहिले तेव्हा ते थांबले, सोडले तेव्हा मोकळे फिरले. गल्लीत दोन फेऱ्या मारून पायाचा ब्रेकही पाहून झाला. म्हणून सांगतो मित्रांनो, गाडी धुतलीत तर थोडी चालवून ब्रेक वाळू द्या. बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर सपाट जागा पाहा, गिअर टाका, चाकांना ठोकळे लावा आणि मला खुशाल खाली सोडा. मला आराम दिलात म्हणून माझा काही अपमान होत नाही. आणि काही अडलेच, तर हाताशी सापडला त्याच्यावर बुक्की मारण्याआधी जरा खाली वाकून पाहा.

बोट मिळाली का, ते सांगायचे राहिले. मिळाली, अगदी शेवटच्या रांगेत.

शुक्रवारी बेटावर चिखल होता. एफीची खुर्ची शाळेपर्यंत जाईना, म्हणून लॉकलनने गाडीच चढावर नेऊन शाळेच्या दारासमोर उभी केली. चढ चांगलाच उभा होता. त्याने मला ओढले, ठोकळेही लावले, पण सीटवरून काही तो उठेना. बाजूचे दार उघडून एफीला उशांना टेकवले आणि ती आपल्या काळच्या जुन्या हजेरीवहीतून नावे घेऊ लागली. बाहेर पावसात उभे असलेले मासेमार, नर्सबाई, पिकल्या केसांच्या आज्या एकेक करून "हजर" म्हणू लागल्या. काही नावांना कोणीच ओ दिली नाही. मग ती पुढचे नाव घेई.

"मॅकिनन, लॉकलन."

घरात जन्मभर तिला ताई म्हणत आलेला तो सहासष्ट वर्षांचा माणूस सीटवर ताठ बसला. त्याचा हात माझ्या मुठीवर होता.

"हजर, बाई," तो म्हणाला.

मी गाडी धरून ठेवली होती.