नव्व्याण्णव म्हणजे दिवस नव्हेत

मित्रांनो, मी एक जुनी स्क्रिप्ट आहे आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नाही. नाटकाची स्क्रिप्ट नव्हे बरं का. माझ्यात ना राजा, ना राणी. आकडेवारी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला ‘आधी हे कर, मग ते कर’ असे सांगणाऱ्या आज्ञांची मी एक फाईल आहे. मला पुसून टाकण्याचा हुकूम निघाला होता. तरीही मी तुमच्याशी बोलते आहे, यावरून काय ते समजा.

माझा जन्म एका मोठ्या बाल रुग्णालयात झाला. क्ष-किरण विभागाशेजारी एक अरुंद खोली होती. खिडकीखाली रुग्णवाहिका उभ्या राहत, त्यामुळे काचा सारख्या थरथरत. तिथे संख्याशास्त्राच्या बाई काम करत. अख्खे रुग्णालय त्यांना ‘सरासरीबाई’ म्हणे आणि त्याही त्या नावाला खुशाल ओ देत.

बाळांची वजने, मुक्कामाचे दिवस, ताप, औषधे, या सगळ्याचा अहवाल बाई दर महिन्याला करत. तेव्हा त्या सगळे माऊसने करायच्या. यादी उघडायची, रकाना निवडायचा, बटण दाबायचे, तक्ता उचलून अहवालात डकवायचा. सगळे संपत आले की मोठे डॉक्टर दारातून डोकावत. “बाई, ती जुळी बाळं धरू नका हं यात.” झाले! पुन्हा पहिल्यापासून श्रीगणेशा.

बाईंचे मनगट सुजले. पट्टा बांधलेल्या हाताने त्या एका सकाळी संगणकासमोर बसल्या आणि त्यालाच दरडावले, “बस्स झालं. आता मी एकदाच सांगणार आणि तू दर महिन्याला ऐकणार.” आणि त्यांनी माझी पहिली ओळ लिहिली.

मला त्यांनी लाडात नाही, शिस्तीत वाढवले. मूळ माहितीला हात लावायचा नाही, तिची प्रत घेऊनच काम करायचे, हा माझ्यावरचा पहिला संस्कार. महिना, वर्ष अशा बदलत्या गोष्टी त्यांनी माझ्या अगदी डोक्यावर लिहिल्या, म्हणजे पुढे शोधाशोध नको. नवी आज्ञा त्या आधी मोजक्या बाळांवर चालवून बघत, मगच सगळ्यांवर. अवघड ओळीच्या वर साध्या भाषेत एक टीप असे. ती संगणक वाचत नाही; ती माणसासाठी असते. “ही ओळ का लिहिली, ते पुढच्या वर्षी माझं मलाच आठवायचं नाही,” असे त्या पुटपुटत.

मग काय! जे काम दोन दोन दिवस चाले, ते कपातला चहा निवायच्या आत होऊ लागले. “आज जादू केलीत की काय?” डॉक्टर विचारत. बाई हसत. मला मात्र कुणी शाबासकी दिली नाही. असो.

पुढे नवे प्रशासक आले. त्यांनी रंगीबेरंगी आलेखांचे नवे सॉफ्टवेअर आणले आणि फर्मान काढले, “जुन्या फाइली काढून टाका. आता सगळं बटणावर!”

“कुठली बटणं दाबली, याची नोंद राहील ना?” बाईंनी विचारले.

“उगाच फाटे फोडू नका.”

तशी सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये होती. ती कुणी सुरूच केली नाही. मला मात्र संगणकावरून पुसून टाकले. बाईंनी माझी एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवली होती. तिथे, कपाटाच्या अंधारात, मी धुसफुसत पडून राहिले.

त्याच सुमारास आईकक्षावर गदा आली. या कक्षात अगदी कमी वजनाच्या बाळांच्या आया मुक्कामाला राहत. बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब देत. प्रशासकांच्या नव्या अहवालात आले की इतर कक्षांतल्या तितक्याच वजनाच्या बाळांपेक्षा इथली बाळे घरी जायला जास्त दिवस घेतात. कक्ष बंद करायचे ठरले; फक्त बैठकीत शिक्का बसायचा बाकी होता.

आईकक्षाच्या सिस्टर तरातरा आमच्या खोलीत आल्या. “अहो बाई, बाळं लवकर घरी जाताना मी रोज बघते. मग हा अहवाल उलटं कसं बोलतो? उद्यापासून त्या आयांना मी काय बाहेर बाकावर बसवू?”

बाईंनी सरासरीकडे पाहिलेच नाही. आधी सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा पाहिला. मुक्काम, जास्तीत जास्त: नव्व्याण्णव.

“अगं बाई! हे दिवस नव्हेतच. घरी गेल्याची तारीख मिळाली नाही की आपण नव्व्याण्णव लिहितो. तुमच्याकडे धावपळीत तारखा राहून जातात. म्हणून तुमचाच आकडा फुगलाय.”

त्यांनी मला कपाटातून काढले. नव्व्याण्णव बाजूला ठेवणारी ओळ माझ्यात पहिल्यापासून होती. मी धावले, आणि चित्र साफ पालटले: आईकक्षातला मुक्काम इतरांपेक्षा कमी निघाला.

बैठकीत प्रशासक उसळले. “जुनी फाईल वापरायची नाही म्हटलं होतं ना?”

“म्हटलं होतंत. मी ऐकलं नाही,” बाई म्हणाल्या. “माझ्या फाइलीतली एकेक ओळ वाचून दाखवते. चूक दिसेल तिथे थांबवा. मग तुम्ही काय काय दाबलंत, ते तुम्ही सांगा.”

प्रशासकांना ते आठवेना.

रुग्णालयाच्या संचालिका मात्र शांतपणे म्हणाल्या, “तारीख नसलेली बाळं तुम्ही वगळलीत. तीच जास्त दिवस राहिली असली तर?”

प्रश्न रास्त होता. बाईंनी तो मान्य केला. सिस्टर उठल्या; त्यांनी घरोघरी फोन केले आणि एकेक तारीख मिळवून आणली. बाईंनी त्या तारखा नव्या प्रतीत भरल्या आणि सर्वांच्या देखत मला पुन्हा चालवले. बटणांनी हेच करायला अख्खा दिवस गेला असता आणि तोवर बैठक उठून गेली असती. मी तिथल्या तिथे उत्तर दिले. फरक पहिल्यापेक्षा कमी झाला होता, पण पुसला गेला नव्हता. आईकक्षातली बाळे खरोखरच लवकर घरी जात होती.

कक्ष वाचला. सिस्टरांनी तिथेच डोळ्यांना पदर लावला. बाईंना हुकूम मोडल्याबद्दल ताकीद मिळाली. ती त्यांनी वाचली आणि चहा मागवला.

आता बाई निवृत्त झाल्या आहेत. त्यांच्या जागी आलेल्या मुलीने मला नव्या संगणकावर उघडले, तेव्हा माझ्या दोन आज्ञा त्याला समजल्या नाहीत. लाल अक्षरांत चुका झळकल्या. तिने मला फेकले नाही. टिपा वाचल्या, त्या आज्ञा बदलल्या आणि का बदलल्या तेही लिहून ठेवले.

मित्रांनो, माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवा, असे मी कधीच म्हणणार नाही. मला तपासा, चूक सापडली तर सुधारा, माझी एक प्रत सांभाळून ठेवा. आणि पुसायचेच असेल तर खुशाल पुसा, पण आधी वाचा. वाचून झाल्यावर मला पुसणारे माणूस अजून तरी भेटलेले नाही.