देवघरापुढची दोन पावलं

संगमरवर म्हणजे कॅल्साइट. कडकपणा दहापैकी फक्त तीन आणि अंगात चुना, आम्ल लागलं की तकाकी गेलीच म्हणून समजा. ग्रॅनाइटमधला क्वार्ट्झ चिंचेला भीक घालत नाही. आदिलाबादच्या कॉलेजात वीस वर्षं मी हेच शिकवलं, आणि स्वतःच्या देवघरापुढं मात्र हौसेनं पांढरा संगमरवर बसवला. शहाण्याला सांगणार कोण!

तीन वर्षांपूर्वी आमची नऊ वर्षांची लेक वल्लरी देवाची तांब्याची भांडी चिंचेनं घासून, चिंचेच्या पाण्यानं भरलेले पाय न धुताच तिथं आली. मी खेकसलो, "हलू नको!" आणि तिला तिथंच उभी करून कॅल्साइटचा अख्खा धडा ऐकवला. ती मान खाली घालून ऐकत राहिली. आम्लाला तेवढाच वेळ हवा होता. दोन पावलं फरशीत कायमची उमटली, निस्तेज, खरखरीत. मी पट्टी लावून मोजलीसुद्धा. एकोणीस सेंटीमीटर. त्या रागात मी तिच्याशी बोलणंच सोडलं, आणि आठवड्याभरात ती डेंग्यूनं गेली.

माझी बायको विनोदिनी त्या पावलांवर रोज फूल ठेवायची. मला तिकडं बघवत नसे. शेवटी मी पॉलिशवाल्याला बोलावलं.

"तुमी तिले पुसून राह्यले," विनोदिनी म्हणाली.

"डाग हाय तो."

"डाग? मंग राहा तुमी अन् तुमची फरशी!" ती त्याच दुपारी बेला गावाला, माहेरी निघून गेली.

मशीन फिरलं, दगडाचा पातळ थर निघाला. "देखो साब, कुछ नहीं बचा," पॉलिशवाला म्हणाला. खरंच काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीवर तिरपं ऊन आलं. घरात मी एकटाच होतो, दाराला आतून कडी होती. पावलं परत आली होती. त्याच जागी, माझ्याकडं तोंड करून. घासणं कमी पडलं असेल, असं स्वतःला बजावत मी पट्टी आणली. मास्तर तो मास्तरच.

बावीस सेंटीमीटर. मी पुन्हा मोजलं. बावीसच.

मी तिथंच खाली बसलो. "चुकलो वं माय," एवढंच तोंडातून निघालं, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मला रडू फुटलं. मग तिच्या आईला, विनोदिनीला, माहेरी फोन लावला.

"आता काय राह्यलं पुसाचं?" विनोदिनीनं विचारलं.

"तू घरी ये," मी म्हणालो. "आपली पोरगी मोठी झाली वं."