नासिर शिंप्याची भित्री मांजर

मी दारव्ह्याच्या नासिर शिंप्याच्या दुकानातली मांजर बोलतेय. बिचकू नका. या दुकानात बिचकायचं काम पहिल्यापासून माझ्याकडे आहे.

सन अठ्ठावन्न. उंदीर कापड कुरतडत होते, म्हणून नासिरच्या बायकोनं, बिस्मिल्लाबीनं, मला आणलं. दीड महिन्याची होते. नासिरनं मशीनचं पायडल मारलं, खडखडाट झाला, आणि मी कापडाच्या गठ्ठ्यांमागे शिरले. तिथे उंदीर होतेच. त्यांनी सरकून मला जागा दिली.

नासिरला दुसऱ्याची भीती घालवायची भारी हौस. "भेव मोडा लागते," म्हणत त्यानं माझी मानगूट धरली आणि चालत्या मशीनच्या फळीवर मला दाबून धरलं. रोज. भीती मोडली नाही, माझं खाणं मात्र सुटलं. चौथ्या दिवशी भेदरून मी फळीवरच मुतले. खाली रामरावांच्या कोटाचं कापड होतं.

बोरी अरब गावचे रामराव लेकीच्या लग्नात तो कोट घालणार होते. त्यांचा आवाज साऱ्या बाजाराला माहीत. बिस्मिल्लाबीनं लगेच कापड धुतलं. नासिर मात्र पोतं शोधू लागला. "उद्या इले दिग्रसले सोडून येतो."

"भेवानं मुतली ते. भेव कोनं घातलं?" बिस्मिल्लाबीनं विचारलं.

नासिरला पोतं सापडलं तोच ओट्यावर रामराव खाकरले. सहा फुटी नासिर गठ्ठ्यांमागे माझ्या शेजारी येऊन बसला. मी सरकले. उंदीरही सरकले.

"नासिर कुठी गेला?"

बिस्मिल्लाबीनं रामरावांना बसायला दिलं, पाणी दिलं, आणि झालं ते सरळ सांगितलं. "तुमी रागावसान म्हून मांगं लपून बसले."

"धुतलं ना? मंग मी कायले रागावू? निंघ रे नासिर बाहीर." रामराव उठून गठ्ठ्यांकडे निघाले.

"ओढू नका, भाऊ," बिस्मिल्लाबी म्हणाली. "त्याइचे ते येतीन."

चहा झाल्यावर तो आला. दाढीला जाळं लागलेलं.

दुसऱ्या दिवशी पोतं निघालं. मी गठ्ठ्यांत आणखी आत शिरले. नासिरनं ते दूरच्या कोपऱ्यात अंथरलं, वर आपला जुना सदरा टाकला, दुधातली भाकर ठेवली. मग हातानं मशीनचं चाक हळूच फिरवलं. एकदाच. पुढच्या दिवशी दोनदा. भाकरीची वाटी रोज वीतभर मशीनकडे सरके. मला कुणी बोलावलं नाही, कुणी धरलं नाही. महिन्याभरात मी पायडलाशेजारी झोपू लागले. ज्या उंदरांनी मला जागा दिली होती, त्यांच्याशी मी कशी वागले ते विचारू नका.

आता मी नऊ वर्षांची आहे. गावातले लोक आपली भित्री पिल्लं घेऊन नासिरकडे येतात. तो मिशीवर हात फिरवून सांगतो, "मानगूट धरा, मशीनवर ठेवा. म्या दोन दिवसात भेव मोडलं इचं."

तेव्हा पिल्लू आणाल तर मागच्या दारानं या. तिथे बिस्मिल्लाबी बसलेली असते. तिलाच विचारा.