गालातली हवा

मास्तरांनी श्वासातला धूर मोजायच्या यंत्राची पुठ्ठ्याची नळी ओठांत धरली, सिस्टरने सांगितलं तेवढा वेळ श्वास कोंडला आणि मग अशा झोकात फुंकलं की शेजारच्या खाटेवरचा रोगी उठून बसला. दिवा हिरवा लागला.

"वा, मास्तर! काल लाल आणि आज हिरवा?" सिस्टर म्हणाली.

"तुम्हीच म्हणालात ना, सोडा म्हणून? सोडली सिगरेट."

सोडली कसली डोंबलाची! सकाळीच मागच्या जिन्यात जाऊन मनसोक्त झुरके मारून झाले होते. पण मास्तरांनी आयुष्यभर बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलेलं. नाकाने श्वास घेता घेता गालातली हवा सोडायची आणि सूर तुटू द्यायचा नाही, ही विद्या अंगात मुरलेली. यंत्राला हवी होती छातीच्या तळातली हवा, कारण धूर तिथे सापडतो. मास्तरांनी त्याला गालातल्या ताज्या हवेवर बोळवलं.

पायाची रक्तवाहिनी तुंबली होती. सर्जनने बजावलं होतं, धूर थांबल्याशिवाय सुरी लावणार नाही. जखम भरणार नाही आणि पाय गमवाल. कालचा पोरगा तो! त्याने अटी घालाव्यात आणि मास्तरांनी त्या मुकाट ऐकाव्यात? त्यांनी आजवर कोणाच्या बापाचं ऐकलं नव्हतं.

"सरांना सांगते. उद्याच घेतील तुम्हाला," म्हणत सिस्टर खुशीत पुढच्या खाटेकडे वळली.

बायको स्टुलावर बसून संत्रं सोलत होती.

"पोट हललं नाही तुमचं," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"गालातून फुंकलंत."

"हळू बोल. यंत्राला कळलं नाही, मग तुझं काय जातंय?"

"उद्या टेबलावर यंत्र नाही झोपणार. तुम्ही झोपणार आहात."

मास्तर भडकले. तिने संत्रं बाजूला ठेवलं आणि पांघरुणाबाहेर आलेल्या त्यांच्या पायाची काळीनिळी बोटं दाबली. ती दाबते आहे हे त्यांना दिसलं म्हणून कळलं. मास्तर घाबरले, आणि घाबरले याचाच त्यांना जास्त राग आला.

"ओ सिस्टर! ते डबडं इकडे आणा."

"अहो, तुमचं झालं की."

"झालं नाही. बेसूर झालं. आणा म्हणतो ना!"

या वेळी फुंकताना पोट पार पाठीला लागलं, शेवटी खोकल्याची उबळ आली. आकडा चढत गेला. दिवा लालभडक.

सिस्टर एकदा यंत्राकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघत राहिली. "मास्तर, मग मघाचं?"

"मघाचं गालातलं. हे माझं." त्यांनी उशीखालचं सिगरेटचं पाकीट काढून तिच्या ट्रेमध्ये टाकलं. "त्या पोराला सांगा, ऑपरेशन खुशाल पुढे ढकल. आणि हे डबडं रोज आणायचं. बघतोच किती दिवस लाल राहतंय ते!"

दिवसभर त्यांनी साऱ्या वॉर्डाला फाडून खाल्लं. चहा आणणाऱ्यापासून शेजारच्या रोग्यापर्यंत कोणी सुटलं नाही. बायकोशी तर ते बोललेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सिस्टर यंत्र घेऊन आली. मास्तरांनी नळी ओठांत धरली, तशी बायको स्टुलावरून उठली आणि तिने आपला तळवा त्यांच्या पोटावर ठेवला.

मास्तरांनी नळी काढली. "विश्वास नाही माझ्यावर?"

"नाही," ती म्हणाली. "फुंका."