आठ खेपांचा दरवाजा

या मित्रांनो, असे जवळ या. ही आवाराची भिंत टेकायला बरी आहे, मीही तिलाच टेकलोय. मोठ्याने बोलायचं बळ आता राहिलं नाही. पण वाळवीच्या स्वाधीन होण्याआधी एक गोष्ट तुमच्या कानी घालायची आहे. थोडा धीर धरा, तुमचा वेळ फुकट जाणार नाही, हा माझा शब्द.

मी एक जुना दरवाजा आहे. समोर दिसतंय ना, ते थोरल्या बाबांचं देऊळ, त्याचा. बाबा म्हणजे या गावाचे मूळपुरुष. पण मी जन्मलो तो दरवाजा म्हणून नाही. माझ्या फळ्या आधी एका होडीच्या होत्या. उभं आयुष्य पाण्यावर आडवं काढलं आणि म्हातारपणी उभा राहिलो, असा माझा उलटा संसार!

तेव्हा गाव नदीच्या पलीकडच्या काठावर होतं. एके वर्षी नदी चवताळली आणि एकेक घर पाण्यात बसू लागलं. गावात होडी एकच, आणि नावाडी तापाने फणफणलेला. त्याच्या बायकोने पदर खोचला, वल्हं हातात घेतलं. बाबा कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून एकेकाला चढवत होते. आधी लेकरं, मग लेकुरवाळ्या, मग म्हातारे, मग धडधाकट. सात खेपा झाल्या. सातव्या खेपेला सगळे म्हणाले, "बाबा, आता तुम्ही चढा."

"मागे कुणी राहिलंय का, एवढं बघतो. तुम्ही व्हा पुढे," बाबा म्हणाले.

अलीकडच्या काठाला लागल्यावर लोकांनी नावाडिणीचा हात धरला. तळव्यांची सालं निघाली होती. माझ्या तळाला चीर गेली होती, पाणी आत येत होतं.

"आता नको जाऊस गं. बुडशील."

ती म्हणाली, "ज्याने सगळ्यांना चढवलं, त्यालाच काठावर सोडायचं होय? सरका!" आणि ती आठव्यांदा वळली. मित्रांनो, त्या खेपेला पाण्यावर आम्ही दोघंच होतो. ती एका हाताने पाणी उपसत होती, एका हाताने वल्हवत होती, आणि मला म्हणत होती, "एवढी एक खेप काढ रे बाबा, मग विसावा घे."

मी काढली. विसावा मात्र अजून मिळायचाय.

बाबा पुढे वीस वर्षं जगले. नवं गाव त्यांनी वसवलं, घरांच्या जागा वाटल्या आणि उरलेली खोलगट जागा स्वतःला घेतली. ते गेल्यावर लोकांनी देऊळ बांधलं. सुताराने मोडकी होडी सोडवून माझ्या फळ्या चौकटीत बसवल्या. बाबांच्या लेकाने तेव्हा एक रीत घालून दिली: या देवळात पहिलं पाऊल नावाडिणीच्या घरचं आणि शेवटचं बाबांच्या घरचं. म्होरक्याने सगळ्यांच्या मागून आत जायचं.

काय दिवस होते ते! कीर्तनाला बुवा उभे राहिले की आठव्या खेपेपाशी टाळ थांबायचे, आणि बायाबापड्या डोळे पुसायच्या. दरसाल माझ्यावर तेलरंगाचा हात फिरायचा. लोक म्हणायचे, "काय भरदार दरवाजा!" भरदार कसला, रंगाचीच सूज ती.

मग रीत झिजली. कुणी मुद्दाम मोडली नाही हो. एकदा एका साहेबांना घाई होती, ते आधी गेले. एकदा बाबांच्या घरच्या आजोबांचे गुडघे धरले, त्यांना ताटकळत कशाला ठेवायचं? नवे बुवा आले, पाहुणे जास्त आणि वेळ थोडा. कथेतल्या आठ खेपांची एक झाली. आणि त्या एका खेपेत वल्हं बाबांच्याच हाती आलं. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. मी करकरलो, तर कुणीतरी बिजागरीत तेल सोडलं.

यंदा मी फुगलो, फरशीला घासू लागलो. कमिटीने नवा चकचकीत पत्र्याचा दरवाजा आणला. नावाडिणीच्या वंशात आता एकच म्हातारी उरली आहे, देऊळ झाडणारी आक्का. नव्या दरवाजातून पहिल्यांदा आत जायचं होतं, त्याच्या आदल्या दिवशी ती अध्यक्षांकडे आली. अध्यक्ष बाबांच्याच घरचे.

"दादा, उद्या पहिलं पाऊल आमच्या घरचं बरं का. माझ्यामागे घरात कुणी नाही. एवढं एकदा होऊ दे."

अध्यक्ष हसले. माणूस वाईट नाही. "अहो आक्का, तुम्ही तर रोज सगळ्यांच्या आधी आत असता, झाडू घेऊन! पहिलं पाऊल तुमचंच की!"

सगळे खो खो हसले. आक्काही हसली. हसता हसता तिने पदराचं टोक चावलं, ते मीच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आधी गेले, त्यांच्यामागून अध्यक्ष, मग झुंबड. आक्का पायऱ्यांशी उभी राहिली.

"चला की आक्का!" कुणीतरी हाक मारली.

"गुडघे बोलतात रे. उद्या येतेच आहे झाडायला."

आज सकाळी ती आली. आवारात आम्ही दोघंच. तिने नवा दरवाजा उघडला, झाडू भिंतीला टेकवला, आणि आत न जाता अंग चोरून बाजूला उभी राहिली. कुणाला तरी वाट द्यावी तशी.

"जा गं आजी," ती म्हणाली. "आधी तू जा. मी आले मागून."

थोडा वेळ थांबून मग ती आत गेली.

मित्रांनो, जुनी लाकडं टाका, जाळा, आमचं काही म्हणणं नाही. पण जुन्या लाकडापाशी कधी कान लावून बसत जा. आणि बाबांना हात जोडाल, तेव्हा सालं निघालेल्या तळव्यांनी रिकामी होडी पुन्हा पाण्यात घालणाऱ्या त्या बाईची आठवण ठेवा. तिच्यासाठी क्षणभर दारातून बाजूला व्हा.