तिसरे डाळिंब

मित्रांनो, मी काळ्या शाईने काढलेले डाळिंबांचे एक चित्र आहे. माझा कागद पिवळा पडला, तरी स्वस्थ लटकून राहणे मला अजून जमत नाही.

मला लिनबाईंनी तरुणपणी चीनमध्ये काढले. पुढे त्या सिडनीला आल्या. तिथल्या कॅसल हिल उपनगरातल्या त्यांच्या घरात मी वर्षानुवर्षे मिरवले. "शाई काळी, पण दाणे किती रसरशीत!" असे पाहुणे म्हणत.

शेजारी कादंबरी आणि निनाद राहायला आले, तेव्हा लिनबाईंनी मला त्यांना भेट दिले.

"ह्याचा अर्थ काय, आंटी?" कादंबरीने हौसेने विचारले.

"आमच्याकडे पीच म्हणजे दीर्घायुष्य, बांबू म्हणजे वादळातही तग धरणारा माणूस. आणि डाळिंब?" लिनबाई हसल्या. "जितके दाणे, तितकी मुलं!"

कादंबरीचा चेहरा उतरला. नुकतेच तिचे बाळ जन्माआधीच गेले होते. लिनबाईंना हे कुठून ठाऊक असणार?

त्या गेल्यावर ती निनादला म्हणाली, "हे मला रोज बघवणार नाही रे. प्लीज, कुठेतरी आत ठेव."

त्याने मला गुंडाळून गॅरेजमध्ये, वॉशिंग मशीनमागे ठेवले. तिथल्या ओलीने माझ्या कडेला बुरशी धरली. पण मला दुसरेच काही कुरतडत होते. मी तर शुभ म्हणून आले होते, मग मला पाहून कोणाला रडू का यावे? दार वाजले की मी दचके. मला परत नेतील की फेकून देतील?

एका दुपारी लिनबाई बागेतली लिंबे घेऊन गॅरेजच्या उघड्या दारात आल्या. कादंबरी मशीनमधून कपडे काढत होती. लिनबाईंची नजर मशीनमागून डोकावणाऱ्या माझ्या गुंडाळीवर गेली.

"सॉरी आंटी, चित्र छान आहे, पण..." रडत रडत कादंबरीने सगळे सांगितले.

लिनबाईंनी मला हळूच उलगडले. "ही दोन उकललेली फळं म्हणजे माझे मुलगे. हे तिसरं, मिटलेलं, माझी मुलगी. दोन दिवस जगली. सगळे दाणेच बघतात गं. हिच्याबद्दल कोणी विचारलंच नाही. आणि मीही तुला काही न विचारता बोलून गेले."

कादंबरीने डोळे पुसले. "तिचं नाव काय होतं?"

लिनबाईंनी नाव सांगितले. इतक्या वर्षांत ते मी पहिल्यांदाच ऐकले.

आता मी कादंबरीच्या हॉलमध्ये आहे. बुरशीचा डाग काही गेला नाही. मित्रांनो, जुन्या चित्रांना ओलीत टाकू नका. आणि चित्रात काय, माणसात काय, काही मिटलेले दिसले तर पाठ फिरवू नका. हलकेच विचारा. मी आजही येणाऱ्या प्रत्येकाकडे तेवढ्यासाठीच बघत असते.