पाचवं फळ

पोहे भिजले होते. गूळ-खोबरं मिसळून झालं होतं. ताटाच्या कडेला केळं, सफरचंद, खजूर, चिकू.

संत्रं भिसेगावात, घरी ओट्यावर राहिलेलं.

पाच फळांशिवाय मलिदा होत नाही. आणि हा मलिदा हन्नाबाईंनी एलियाहू हन्नाबी या प्रेषिताला बोललेला, मुलाच्या पायासाठी. रूबेन मोटरसायकलवरून पडला होता, पाय मोडला होता. आता चालतो. यहुद्यांचा झाडांचा सण आला, तेव्हा पळसदरीच्या धरणाकडे, झाडाखाली बसूनच नवस फेडायचा असं त्यांनी ठरवलं.

समोर बोर. लगडलेली.

बुंध्याला गवताची जुडी बांधलेली होती. कुणाचा तरी नवस असणार, त्याला धक्का लावू नकोस, हन्नाबाईंनी बजावलं. रूबेन गाठ सांभाळून, काटे चुकवत वर चढला.

पाच फळं झाली. रूबेनने झाडाच्या फळाची ब्राखा म्हटली, म्हणजे खाण्याआधीची प्रार्थना. हन्नाबाईंनी बोर उचललं.

इतक्यात वरच्या वाडीतली सोमी पाटी घेऊन आली. आधी झाडाकडे पाहिलं, मग ताटाकडे.

"गाठ नाय दिसली?"

"नवसाची वाटली," रूबेन म्हणाला.

"माजी हाय. झाड राखलंय, दुसऱ्यानं हात लावायचा नाय. वाडीतल्या शेंबड्या पोराला कळतं."

हन्नाबाईंनी बोर खाली ठेवलं. त्यांचे वडील सांगायचे, चोरलेल्या फळावर ब्राखा म्हणणारा देवाचे आभार मानत नाही, त्याला शिवी देतो.

पाय बरा झाल्याबद्दल, शिवी.

रूबेनने सगळी बोरं सोमीच्या पाटीत ओतली. सोमी कुरकुरली, बाजारासाठी ठेवलेली होती. पण तोडलीच आहेत तर खा आता.

"तसं नको," हन्नाबाई म्हणाल्या. "तुम्ही आपल्या हातानं दिलीत तर घेऊ. नाहीतर राहू दे, मलिदा पुन्हा कधीतरी करू."

सोमीने विचारलं, नवस कशाचा. कळल्यावर तिने रूबेनचा पाय पाहिला, मग झाडाचा शेंडा.

"शेंड्याची काढलीस रं. मंग पाय बरा झाला की."

ती पाटीशी बसली. एकेक बोर दाबून पाहू लागली. बरीचशी बाजूला टाकली.

"नवसाला कच्ची देत्यात व्हय?"

ओंजळभर पिकली बोरं तिने ताटात ठेवली.

रूबेनने प्रार्थना पुन्हा म्हटली. पहिल्या शब्दापासून.

निघताना त्याला जुडी सैल झालेली दिसली. त्याने हात पुढे केला. थांबला. सोमीकडे पाहिलं.

"बांध रं," ती म्हणाली.